वाळवंटात तीन दिवस: निघण्याआधीचा हिशोब

तीन दिवसांची सहल, म्हणून सामानही तीन दिवसांचं. हा हिशोब वरवर बरोबर वाटतो आणि तोच गोत्यात आणतो. पंधरा दिवसांच्या मोहिमेवर निघणारे जास्तीचं पाणी, दोन स्टेपन्या, वेगळं इंधन असं सगळं घेऊनच निघतात. जोडून सुट्टी काढणारे मात्र ‘दोनच रात्री तर काढायच्यात’ म्हणत अर्धं सामान घरी ठेवतात. गाडी बंद पडली तर मदत यायला लागणारा वेळ सहल किती दिवसांची आहे यावर ठरत नाही, तो वस्तीपासून तुम्ही किती लांब आहात यावर ठरतो. म्हणून नियोजनाची सुरुवात एका प्रश्नाने करावी: या वाटेवरच्या सगळ्यात आडबाजूच्या जागी गाडी कायमची थांबली, तर कोणी किती तासांत पोहोचेल? उत्तर चोवीस तास असेल तर राखीव साठा दोन दिवसांचा हवा. उत्तर सापडतच नसेल तर वाट बदला.

खालचे आकडे दोन फोर-बाय-फोर गाड्या, चार माणसं, तीन दिवस आणि दोन रात्री असं धरून दिले आहेत. एकट्या गाडीने आडवाटेला जाऊच नये. मऊ वाळूत रुतलेली गाडी दुसरी गाडी पंधरा-वीस मिनिटांत ओढून काढते. तेच एकट्याने फावडं घेऊन करायचं तर अर्धा दिवस जाऊ शकतो, आणि त्या मेहनतीत माणसाचं कित्येक लिटर पाणी घामावाटे जातं.

कधी आणि कोणाला विचारून

सहारा, अरबी वाळवंट आणि थर यांना नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने बरे. मार्चपासून इजिप्त-लिबियाच्या पट्ट्यात खमसीन नावाचा गरम, धुळीने भरलेला वारा सुटतो आणि मेपर्यंत अधूनमधून येत राहतो. दक्षिण गोलार्धात उलटं: आफ्रिकेच्या नैऋत्येचं नामिब आणि मध्य ऑस्ट्रेलिया इथे मे ते ऑगस्ट जावं. ऑस्ट्रेलियातलं सिम्प्सन वाळवंट तर उन्हाळ्यात, १ डिसेंबर ते १५ मार्च, प्रवाशांना बंदच असतं. मंगोलिया-चीनमधल्या गोबीला मात्र जून ते सप्टेंबर; हिवाळ्यात तिथे पारा शून्याखाली तीस अंशांच्याही खाली जातो. चिलीतल्या अटाकामात उन्हापेक्षा उंचीचा विचार आधी करावा लागतो. सॅन पेद्रो गाव सुमारे २,४०० मीटरवर आहे आणि एल तातिओचे गरम पाण्याचे झरे ४,३०० मीटरच्या आसपास. तीन दिवसांच्या सहलीत पहिल्याच पहाटे तिकडे धाव घेतली की डोकेदुखी आणि उलट्यांतच दिवस जातो.

परवानग्यांचं काम दीड-दोन महिने आधी सुरू करा. अल्जेरियाच्या दक्षिण सहारात परदेशी पर्यटकांना अधिकृत संस्थेमार्फत आणि वाटाड्यासोबतच जावं लागतं. थरमध्ये सीमेलगतच्या पट्ट्यासाठी वेगळी परवानगी लागते. इजिप्तमध्ये अल अलामेनच्या परिसरात दुसऱ्या महायुद्धातले भूसुरुंग अजून जमिनीत आहेत, आणि पश्चिम सहारातल्या लष्करी बांधालगतही सुरुंग पेरलेले आहेत. अशा भागात ‘चाकोरी सोडू नका’ ही सूचना शब्दशः पाळायची असते, लघवीला बाजूला जातानासुद्धा.

उपग्रह फोनचा कायदा प्रत्येक देशात वेगळा आहे. भारतात परवानगीशिवाय तो जवळ बाळगणं हा गुन्हा आहे आणि त्यासाठी परदेशी प्रवाशांना विमानतळावर ताब्यात घेतल्याची उदाहरणं आहेत. उपग्रहावरून संदेश पाठवणारी छोटी यंत्रंही यातून सुटत नाहीत. विकत घेण्याआधी चौकशी करा.

किलोमीटर नव्हे, तास मोजा

नकाशावर ९० किलोमीटर दिसलं की माणूस दीड तास धरतो. डांबरी रस्त्यावर ते खरंही असतं. आडव्या लाटा पडलेल्या खडीच्या रस्त्यावर ताशी ४० ते ५० किलोमीटर, मऊ वाळूत १५ ते २० आणि सलग टेकड्या ओलांडताना ५ ते ८ किलोमीटर धरावेत. हिवाळ्यात उजेड दहा-अकरा तास. तळ उभारायला, गाडी तपासायला सूर्यास्ताआधी दीड-दोन तास हवेत. म्हणजे गाडी चालवायला सात तास मिळाले तरी खूप झालं.

तीन दिवसांची मांडणी अशी ठेवावी: पहिल्या दिवशी शेवटच्या पंपापर्यंत जाऊन वाळूच्या कडेला मुक्काम, दुसऱ्या दिवशी आत, तिसऱ्या दिवशी त्याच चाकोरीने बाहेर. गोल फेरा मारून दुसरीकडून बाहेर पडायचा मोह होतो, पण शेवटच्या दिवशी अनोळखी वाट अडली तर परत फिरायला ना वेळ उरतो ना इंधन. दुसऱ्या दिवशी परत फिरायची वेळ निघण्याआधीच ठरवून टाका. ती झाली की ठिकाण समोर दिसत असलं तरी गाडी वळवायची.

नकाशा ऑफलाइन उतरवून घ्या आणि विमान मोडवर उघडून पाहा. बरेचदा घरच्या वायफायवर सुरळीत दिसणारा नकाशा तिथे गेल्यावर कोरा निघतो, कारण उतरवलेला असतो दुसरा तुकडा. सोबत कागदी नकाशा आणि होकायंत्र ठेवा. अक्षांश-रेखांश लिहून घेताना आकड्यांची पद्धत तपासा, कारण २४.३० अंश म्हणजे २४ अंश ३० मिनिटं नव्हेत, ती २४ अंश १८ मिनिटं होतात. मधला फरक १२ मिनिटांचा, आणि अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे जवळपास १.८५ किलोमीटर. एवढ्याशा चुकीने तुम्ही विहिरीपासून २२ किलोमीटर लांब उभे राहता.

पाणी आणि इंधन

कोरड्या हवेत घाम येतो तसा वाळतो, त्यामुळे अंग भिजत नाही आणि पाणी जातंय हे कळत नाही. हिवाळ्यात नुसतं बसून राहिलं तरी माणशी चार लिटर लागतात. वाळू उपसायची वेळ आली तर सहासुद्धा कमी पडतात. हिशोब असा: पिण्याला सहा आणि स्वयंपाक-हात धुण्याला दोन, म्हणजे दिवसाला आठ लिटर. चार माणसं, तीन दिवस, ९६ लिटर. वर दोन दिवसांचा राखीव साठा, फक्त पिण्याचा, माणशी पाच लिटरने ४० लिटर. एकूण १३६ लिटर, म्हणजे १३६ किलो. उन्हाळ्यात हाच आकडा दीडपट करावा लागतो. खरं तर उन्हाळ्यात जाऊच नये.

हे पाणी दहा-वीस लिटरच्या कॅनमध्ये भरून दोन्ही गाड्यांत निम्मं निम्मं ठेवा. एकाच मोठ्या टाकीला चीर गेली की सगळंच जातं. कॅन टपावर चढवू नका. बहुतेक गाड्यांचा टप ७५ ते १०० किलोच पेलतो, आणि वर वजन असलेली गाडी टेकडीच्या तिरक्या उतारावर लवकर कलंडते. मागच्या सीटच्या पाठीशी, खाली, पट्ट्याने आवळून ठेवा. राखीव कॅनला रंगीत चिकटपट्टी लावा आणि परतीच्या रस्त्यावर डांबर लागेपर्यंत ते उघडू नका.

नुसतं पाणी ढोसत राहणंही बरं नाही. घामातून मीठ जातं, ते भरून निघालं नाही तर डोकं दुखतं, मळमळतं, माणूस गोंधळतो आणि सोबतचे लोक त्याला आणखी पाणी पाजतात. जेवण टाळू नका आणि जलसंजीवनीची पाकिटं ठेवा. ती संपली तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा.

इंधनाचं उदाहरण घेऊ. दोन पंपांमधलं अंतर ४२० किलोमीटर, त्यातलं १२० वाळूतलं. डांबरावर लिटरला दहा किलोमीटर देणारी गाडी वाळूत पाच देते असं धरा. ३०० किलोमीटरला ३० लिटर, १२० ला २४, एकूण ५४. वाट चुकणं, टेकडीला वळसा, तळावर इंजिन चालू ठेवणं यासाठी तीस टक्के जोडले की ७० लिटर. टाकी ६० लिटरची असेल तर वीस लिटरचा एक धातूचा कॅन प्रत्येक गाडीत लागतो. कॅन भरताना जमिनीवर ठेवा, गाडीतल्या प्लास्टिकवर ठेवून भरू नका. स्थिर विजेची ठिणगी पडू शकते. काठोकाठ भरू नका, उन्हात इंधन फुगतं. झाकण उघडताना आधी थोडं सैल करून वाफ जाऊ द्या.

टायरमधली हवा

वाळूत गाडी चालते ती टायरच्या हवेवर. इंजिनाची ताकद त्यानंतर. डांबरावर ३२ ते ३५ पीएसआय (टायरमधला दाब मोजायचं एकक) असलेली हवा वाळूत शिरताना १८ वर आणा. हवा कमी केली की टायरचा टेकलेला भाग लांबीने वाढतो, वजन पसरतं आणि चाक वाळू खणत नाही, तिच्यावरून जातं. खडीच्या रस्त्यावर २५ च्या आसपास ठेवा. आडव्या लाटांचे धक्केही कमी बसतात आणि अणकुचीदार दगडांनी टायर फाटण्याचं प्रमाणही घटतं. फार मऊ जागी १५ पर्यंत जाता येतं. १० ते १२ फक्त रुतल्यावर, बाहेर निघेपर्यंतच.

हवा कमी असताना वेग ताशी ४० च्या आत आणि वळणं रुंद घ्या. झटक्यात स्टिअरिंग वळवलं की टायरची कड रिमवरून सुटते आणि वाळवंटातला दुपारचा तास टायर परत बसवण्यात जातो. डांबर लागलं की आधी हवा भरा, मगच निघा. कमी हवेवर वेगात पळवलेला टायर बाजूने तापून फुटतो. मोजमाप टायर थंड असताना घ्यावं. चालून तापलेल्या टायरमध्ये चार-पाच पीएसआय जास्त दिसतात. त्या आकड्याकडे बघून हवा काढली तर रात्री थंडीत ती गरजेपेक्षा बरीच खाली जाते.

हवा भरायचा कॉम्प्रेसर थेट बॅटरीला जोडणारा घ्या. सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालणारे लहान पंप मोठ्या टायरला अर्धा तास घेतात आणि मधेच फ्यूज उडवतात. दोन टायर भरून झाले की कॉम्प्रेसरला दहा मिनिटं गार होऊ द्या. हवा मोजायचं वेगळं गेज, पंक्चरच्या दोऱ्यांचा संच, व्हॉल्व्हच्या चार-सहा पिना आणि दोन स्टेपन्या असल्या की टायरपुरती तयारी झाली. जॅकखाली ठेवायला एक-सव्वा फुटाची चौरस जाड फळी लागते. ती विसरली तर जॅक वाळूत खाली जातो आणि गाडी जागची हलत नाही.

वाळूत चालवताना

सकाळी लवकर निघा. रात्रीच्या गारव्याने वाळू घट्ट असते आणि सूर्य तिरपा असल्यामुळे टेकड्यांच्या कडांना सावल्या पडतात. दुपारी सावल्या नाहीशा होतात. मग दहा मीटर पुढचा उतार आणि सपाट जागा सारखीच दिसते आणि गाड्या हवेत उडतात त्या याच वेळी.

टेकडीची वाऱ्याकडची बाजू साधारण १० ते १५ अंशांची आणि टणक असते. पलीकडची बाजू ३२ ते ३४ अंशांची, भुसभुशीत. चढताना सरळ चढा, तिरपं नको. माथ्याच्या जरा आधी पाय सैल करा. पलीकडे काय आहे ते दिसत नसेल तर आधी चालत जाऊन पाहा. याला पर्याय नाही. गाडी अर्ध्यावर दमली तर वळवायचा प्रयत्न करू नका. रिव्हर्स गिअरमध्येच, न्यूट्रल न करता, आपल्याच चाकोरीतून सरळ मागे या. तीव्र उतारावर लो रेंजचा (फोर-बाय-फोर गाडीतला कमी वेग, जास्त जोर देणारा गिअरचा संच) पहिला गिअर, ब्रेक नाही, स्टिअरिंग सरळ. मागची बाजू आडवी जायला लागली तर किंचित रेस देऊन गाडीचं तोंड उताराच्या दिशेला आणा. मनाविरुद्ध वाटतं, पण ब्रेक दाबला तर गाडी आडवी होऊन लोळते.

चाकं जागच्या जागी फिरायला लागली की लगेच पाय काढा. आणखी तीन सेकंद रेस दिली की गाडी पोटावर बसते आणि मग सगळं खणावं लागतं. क्रम असा: सगळे खाली उतरा, चारही चाकांपुढची वाळू उतार देऊन काढा, पोटाखालची वाळू मोकळी करा, हवा १२ वर आणा, मग आधी मागे जायचा प्रयत्न करा, कारण मागची चाकोरी दाबलेली असते. जमलं नाही तर वाळूत घालायच्या खाचांच्या पाट्या चाकांच्या पुढे घट्ट ठोका. त्या वेळी गाडीच्या मागे-पुढे कोणी उभं राहू नये. चाक घसरलं की पाटी जोरात बाहेर फेकली जाते. ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे चाक घसरू नये म्हणून आपोआप चालणारी यंत्रणा, बंद करा, बऱ्याच गाड्यांत ते वाळूत इंजिनाची ताकदच तोडतं. लो रेंज, दुसरा गिअर, हलका पाय. बाहेर निघाल्यावर लगेच थांबू नका. टणक किंवा उताराची जागा येईपर्यंत चालवत राहा, पाट्या नंतर चालत जाऊन आणता येतात.

दुसऱ्या गाडीने ओढायचं असेल तर ताणली जाणारी दोरी चासीला बोल्टने बसवलेल्या हुकाला बांधा. मागे ट्रेलर जोडायच्या धातूच्या गोळ्याला कधीच नको. ताणात तो गोळा तुटून काच फोडून आत येतो आणि अशा अपघातांत माणसं मेली आहेत. दोरीच्या मध्यावर जाड सतरंजी टाका, बाकीच्यांना दोरीच्या दीडपट लांब उभं करा.

पांढऱ्या सपाट मिठागरांचा मोह आवरा. ट्युनिशियातलं शॉत अल जेरीद असो की कच्छचं मोठं रण, वरची खपली कोरडी आणि खाली चिखल असू शकतो. तिथे रुतलेली गाडी वाळूपेक्षा कितीतरी अवघड निघते. ताजी चाकोरी असेल तिथूनच जा.

मुक्काम

तळ कोरड्या ओढ्याच्या पात्रात टाकू नका. तिथे झाडं असतात, आडोसा असतो, वाळू मऊ असते, म्हणूनच लोक फसतात. पाऊस तीस-चाळीस किलोमीटर वर पडला तरी पाणी रात्रीतून खाली येतं, आणि वरचं आभाळ तेव्हा चांदण्यांनी भरलेलं असू शकतं.

दिवसा पंचवीस अंश असलेली जागा पहाटे शून्याला टेकू शकते. झोपायची पिशवी शून्य अंशाला पुरेल अशी आणि खाली जाड चटई हवी, कारण थंडी वरून लागते त्याहून जास्त जमिनीतून लागते. बूट रात्री पिशवीत बांधून ठेवा किंवा सकाळी उलटे करून झटका. विंचू अतिनील प्रकाशात हिरवट-निळे चमकतात. अंथरूण पसरण्याआधी तशा टॉर्चने एक चक्कर मारली तर दगडाच्या कडेला बसलेला विंचू चार-पाच पावलांवरून दिसतो, साध्या टॉर्चमध्ये तो वाळूच्याच रंगाचा असतो. शौचाला तळापासून लांब, पंधरा सेंटिमीटरचा खड्डा. कागद मात्र बंद पिशवीत परत आणायचा. कोरड्या जमिनीत तो वर्षानुवर्षं कुजत नाही आणि वारा तो उकरून काढतो.

काही बिघडलं तर

वाळूचं वादळ दिसलं तर चाकोरीच्या बाजूला थांबा, गाडीची पाठ वाऱ्याकडे करा म्हणजे पुढची काच घासली जात नाही. सगळे दिवे बंद करा, पायही ब्रेकवरून काढा, नाहीतर मागून येणारा तुमच्या लाल दिव्याला रस्ता समजून धडकतो. नंतर एअर फिल्टर काढून झटका.

इंजिन तापलं तर नाक वाऱ्याकडे करून बॉनेट उघडा. रेडिएटरचं झाकण पूर्ण गार झाल्याशिवाय उघडू नका.

माणूस तापला तर बोलण्याकडे लक्ष द्या. घाम, थकवा, चक्कर इथवर सावली, पाणी आणि जलसंजीवनी पुरते. बोलणं असंबद्ध झालं, तोल जायला लागला तर तो उष्माघात, शरीर ४० अंशांच्या वर. आधी थंड करायचं, नेण्याची घाई नंतर: कपडे सैल करून अंगावर पाणी ओता आणि वारा घाला. कोरड्या हवेत हा उपाय फार चांगला चालतो. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका. राखीव कॅन उघडायचा तो अशाच वेळी.

गाडी कायमची थांबली तर गाडीपाशीच राहा. शोधणाऱ्यांना वरून गाडी दिसते, चालणारा माणूस दिसत नाही. ताडपत्रीची सावली करा, जमल्यास दोन थरांची, मधे वीतभर मोकळी जागा सोडून. थेट जमिनीवर बसू नका. भर उन्हात वाळू ६० अंशांच्या वर तापते, सीट काढून त्यावर बसा. इशाऱ्यासाठी गाडीचा आरसा कित्येक किलोमीटरवरून चमकतो. धूर हवा असेल तर स्टेपनी जाळता येते, पण आधी व्हॉल्व्हची पिन काढून हवा सोडा, नाहीतर ती फुटते.

४०६ मेगाहर्ट्झचा आपत्कालीन बीकन (बटण दाबल्यावर उपग्रहाकडे मदतीचा इशारा पाठवणारं छोटं यंत्र) आंतरराष्ट्रीय शोध-यंत्रणेला जागा कळवतो, मात्र त्याची नोंदणी आधी केलेली हवी. दोन्हीकडून संदेश जाणारं उपग्रह यंत्र त्याहून उपयोगी, कारण काय झालंय ते सांगता येतं: ‘पाय मोडला’ आणि ‘डिझेल संपलं’ यांना वेगळी मदत लागते. यातलं काहीच चालणार नसेल तरी घरच्या एका माणसाकडे कागद असावा. त्यावर वाट, मुक्कामाचे अक्षांश-रेखांश, दोन्ही गाड्यांचे नंबर आणि रंग, माणसांची नावं, परतण्याची वेळ, आणि त्यानंतर किती तासांनी कोणत्या क्रमांकावर फोन करायचा ते. संध्याकाळी सहाला परतणार असाल तर फोनची वेळ दुसऱ्या दिवशी सकाळी आठची ठेवा. एक पंक्चर आणि एकदा रुतणं एवढा उशीर त्यात बसतो.

बाहेर पडल्यावर पहिल्या पंपाशी हवा भरा, चाकांचे नट आवळून घ्या, खालून तेल गळतंय का ते वाकून पाहा. आणि फोनला रेंज आल्याबरोबर त्या कागदवाल्याला पोहोचल्याचं कळवा, नाहीतर सकाळी आठला तो शोधपथकाला फोन करेल.